एक चेष्टा

आमच्या सोसायटीच्या गेटापासून मागच्या लिफ्टपर्यंत फरशीवर एक पिवळा पट्टा रंगवलेला आहे. हातभर रुंद. घरकामाला येणाऱ्या बायकांनी या पट्ट्यावरूनच चालायचं, असा नियम आहे. कल्पना माझी. रंग सोसायटीने आणला.

आम्ही मूळचे अकोल्याचे. नवरा रेल्वेत, मी विमा कंपनीत. अकरा वर्षांपूर्वी बदली घेऊन जयपूरला आलो आणि मुरलीपुऱ्यात, सीकर रोडपासून जरा आत, एका सोसायटीत फ्लॅट घेतला. ऑफिसात माझं काम दावे तपासण्याचं. माणसाने काय लिहिलंय आणि काय लपवलंय हे कागदावरून ओळखायचं, याचा मला पगार मिळतो. हे अशासाठी सांगते की पुढे जे झालं ते एक शब्द चुकीच्या ठिकाणी लिहिल्यामुळे झालं, आणि तो शब्द मी लिहिला होता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली एक संडास आहे. गेटवरचा वॉचमन भैया आणि कामाला येणाऱ्या बायका तो वापरत. दोन वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या कोणाला तरी तिथून वास यायला लागला. तो स्वच्छ करून घेणं हा साधा उपाय होता. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालली. हायजीन, सिक्युरिटी, बच्चे खेलते हैं, सगळं झालं. एवढ्या मेसेजांमध्ये ‘लघवी’ हा शब्द एकानेही वापरला नाही. सगळे ‘इश्यू’ म्हणत होते. शेवटी संडासाला कुलूप लागलं आणि किल्ली भैयाकडे गेली, फक्त त्याच्यासाठी. कुलपाचा फोटो ग्रुपवर आला. त्याला बरेच अंगठे मिळाले. ज्या बायका सकाळी साडेसातला येऊन दुपारी दोनपर्यंत पाच-पाच घरांची भांडी घासतात, त्यांनी आता कुठे जायचं, हे कोणी विचारलं नाही.

मी विचारलं. माझ्याकडे आठ वर्षं काम करणारी बाई शास्त्री नगरहून यायची, ई-रिक्षा बदलून. चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ. आमच्या बिल्डिंगमध्ये तिची पाच घरं होती. ओटा पुसता पुसता तिने उत्तर दिलं.

“पानी ही नहीं पीती, भाभीजी. न पियो, न जाओ.”

तक्रारीचा सूर नव्हता. डाळीत मीठ किती घालायचं हे सांगावं तसं सांगितलं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आणि तेव्हा मी तिला काय म्हटलं? काही नाही. मी आतल्या खोलीत गेले आणि कथा लिहिली.

इथल्या मराठी मंडळाची गणपतीत स्मरणिका निघते. जाहिराती, दोन-तीन कविता, पाककृती, आणि कोणी दिलंच तर काहीतरी वाचण्याजोगं. मी अधूनमधून त्यात लिहायची. या वेळी लिहिली ती पन्नास वर्षांनंतरच्या आमच्याच सोसायटीची गोष्ट होती. त्या सोसायटीत कामवाल्या बायका पिवळ्या पट्ट्यावरून चालतात. बिल्डिंगच्या आत एकमेकींशी बोलत नाहीत. प्रत्येक घर त्यांना रोज तारे देतं आणि तारे कमी पडले की गेट उघडत नाही. पाण्याची बाटली गेटवर जमा करावी लागते, कारण बाटली आत आली की पाणी आत येतं, पाणी आलं की गरज येते आणि गरज आली की ती कोणाच्या घरात भागवायची हा प्रश्न येतो. सभासद मोठ्या कौतुकाने बोर्ड लावतात: तहानमुक्त सोसायटी. गोष्टीच्या शेवटी एक डॉक्टर येतो आणि ज्यांना तहान लागतच नाही अशा बायकांना प्रमाणपत्रं वाटतो. पहिलं प्रमाणपत्र घेणारी बाई टाळ्यांच्या कडकडाटात घेरी येऊन पडते आणि लोक तिला पट्ट्याच्या आत सरकवून घेतात.

लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. आता त्याचीच किळस येते. एखादीची तहान आपण कागदावर नीट मांडली की आपलं काम संपलं, अशी ती बरं वाटण्याची जात होती.

स्मरणिकेचं काम बघणाऱ्या बाई रेल्वेत क्लार्क आहेत. नागपूरकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. मंडळात कमी बोलतात आणि प्रूफं मात्र एकट्या तपासतात. त्यांनी कथा वाचून मला फोन केला. छापते म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, “भविष्यातली गोष्ट आहे ना ही?”

मी म्हटलं, हो, पन्नास वर्षांनंतरची.

“बरं. तुमच्यासाठी भविष्यातली.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. वेगळी वाट, वेगळं पाणी, अंतर ठेवून चालणं, हे आमच्या घरात कोणी कल्पनाशक्ती म्हणून वाचणार नाही, एवढंच म्हणाल्या आणि कामाच्या गोष्टीवर आल्या. मागच्या वर्षी मंडळात एका नाटुकल्यावरून रुसवेफुगवे झाले होते. म्हणाल्या, या वेळी शीर्षकाखाली ही गंमत आहे असं सुचवणारं काहीतरी टाका, नाहीतर कोणीतरी अंगावर ओढून घेईल. मी ऑफिसात होते, समोर फायली होत्या. घाईत मेसेज केला: ‘एक चेष्टा’ असं टाका.

बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला हिंदीतले फसवे शब्द पाठ असतात. इथे नवीन आलेला प्रत्येक जण ‘शिक्षा विभाग’ ही पाटी बघून एकदा हसतो. ‘शिक्षा’ लिहिताना मी दहादा विचार केला असता. चेष्टेचा विचार माझ्या मनातही आला नाही. आमच्या घरी दिवसातून चारदा कोणीतरी कोणालातरी ‘चेष्टा करू नकोस’ म्हणतं. त्याच शब्दाचा हिंदीत अर्थ प्रयत्न, धडपड असा होतो, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मराठी आहेत. म्हणजे त्यांचे वडील रेल्वेत होते, तेव्हापासून कुटुंब इथेच. हे जन्मले जयपुरात, शिकले हिंदीतून, सीकर रोडवर त्यांचं पंपांच्या मोटरींचं दुकान आहे. मराठी अडखळत बोलतात, लिपी देवनागरीच म्हणून वाचू शकतात, आणि अभिमान मात्र आमच्यापेक्षा जास्त. गणपती गेल्यानंतर एकदा ते मला लिफ्टमध्ये भेटले.

“वहिनीजी, तुमचं ते मी दोनदा वाचला. मराठीला टाइम लागतो मला. पण तुमची चेष्टा खूप आवडली. मतलब, कोणीतरी चेष्टा तर केली.”

मला वाटलं, बरोबर. एवढ्या लोकांत एकाला तरी चपराक कळली, आणि तीही सेक्रेटरीला. मी म्हटलं, कोणीतरी करायलाच हवी होती.

“तेच ना. सगळे नुसते ग्रुपवर बोलतात. मी हे कमिटीपुढे ठेवतो.”

ते विनोद पुढे नेतायत असं मी धरलं. “ठेवा की,” मी म्हटलं, “तहानमुक्त करून टाका एकदाची.” तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि मी हसत बाहेर पडले. दोघंही खूश. मी दाव्यांच्या कागदांत असे घोटाळे शेकड्यांनी पाहिलेत, जिथे दोन माणसं एकाच वाक्याखाली सही करतात आणि वेगवेगळ्या गोष्टी कबूल करतात.

होळीनंतर पिवळा पट्टा आला. मला वाटलं पार्किंगचा असेल. मग गेटचं नवं अ‍ॅप आलं. भाजीवाला, कुरिअरवाला, सगळ्यांची नोंद त्यात. त्यात कामवाल्या बाईच्या फोटोखाली पाच तारे दिसायला लागले. रोज संध्याकाळी फोन विचारायचा: आजची सेवा कशी होती? मी रोज पाच दाबत होते आणि स्वतःला सभ्य समजत होते. एप्रिलच्या शेवटी गेटबाहेर, भिंतीला लागून, लोखंडी रॅक आला. वर छप्पर नाही. त्यात बाटल्या. शीतपेयांच्या जुन्या बाटल्या, शाळेच्या दप्तरातल्या टाकून दिलेल्या, एकीची तेलाची धुतलेली. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नाव. सकाळी आठला ऊन त्यांच्यावर यायचं. दहाला ते पाणी चहाला चाललं असतं. काही बाटल्यांच्या बुडाशी हिरवट शेवाळ धरलं होतं.

तिथेच नोटीस लावली होती. हिंदीत. हे नियम ‘हमारी ही एक सदस्या के सुझावों’वर आधारलेले आहेत आणि कमिटी त्यांची आभारी आहे. सोबत माझा फ्लॅट नंबर.

मी ऑफिसच्या बॅगेसह त्या रॅकसमोर उभी राहिले. नोटिशीवरचा फ्लॅट नंबर दोनदा तपासून पाहिला. खड्डा आहे म्हणून पाटी लावावी आणि लोकांनी ती रस्ता दाखवणारी समजून रांगेने खड्ड्यात उतरावं, वर पाटी लावणारीचे आभार मानावेत.

त्याच सुमाराला आमच्या बाईला मुतखडा झाला, तिच्या भाषेत पथरी. कमरेत कळ मारायची तेव्हा ती सिंकला धरून उभी राहायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि बजावलं, दिवसाला तीन लिटर पाणी. आता या इमारतीत सकाळी साडेसात ते दोन, मे महिन्यात, ती पाणी पिणार कशी? दर घरी प्यायचं तर मागावं लागतं, आणि प्यायलं तर जायचं कुठे हे आहेच. तिने ओढणीत गुंडाळून बाटली आत आणायला सुरुवात केली. चार दिवसांनी पकडली गेली. पाचव्या मजल्यावरच्या घरी तिने एकदा त्यांचं बाथरूम वापरलं, न विचारता. त्या घराने एक तारा दिला. दुसऱ्या घराने, ‘उनसे सुनकर’, दोन. तिची सरासरी घसरली आणि एका सोमवारी गेटवरच्या फोनवर तिच्या फोटोभोवती लाल चौकट आली. भैयाने तिला आत सोडलं नाही. भैया वाईट नाही. त्याने मला फोन करून हळू आवाजात सांगितलं की मॅडम, मशीन मना कर रही है.

पाच घरं. तिचं सगळं घर त्यावर चालत होतं. नवरा कामाला जायचा आणि जायचा नाही.

मी तशीच सेक्रेटरींच्या दुकानात गेले. ते एका मोटरचं झाकण उघडून बसले होते. मला बघून त्यांनी स्टूल पुसलं, चहा मागवला. मी चहा नको म्हटलं आणि सरळ सांगितलं की ती कथा होती, उपरोध होता, तुम्ही त्याचे नियम केलेत.

“पण वहिनीजी, तुम्हीच वर लिहिला होता. चेष्टा. चेष्टा मतलब कोशिश.”

“मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा.”

ते खरंच विचारात पडले. पाना खाली ठेवला. “आईपण म्हणायची,” ते म्हणाले, “चेष्टा करू नको, चेष्टा करू नको. मला वाटायचं, मला काही जमणार नाही म्हणून म्हणते.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावर पोट धरून हसले असते. मग त्यांनी विचारलं, “थट्टा कोणाची?”

“आपली. सोसायटीची.”

“आपली मतलब तुमचीपण?”

मी हो म्हटलं, घाईने. तेव्हा त्यांनी फडक्याला हात पुसत, काही मनात न ठेवता, अगदी माहिती म्हणून विचारलं, “मग तुमच्या घरी ती कोणता बाथरूम यूज करते?”

आठ वर्षांत तिने माझ्या घरी कोणतंच बाथरूम वापरलं नव्हतं. मी कधी नाही म्हटलं नव्हतं. तिने विचारलं नव्हतं. दोन बाथरूम आहेत आमच्याकडे, त्यातलं एक पाहुण्यांसाठी घासून ठेवलेलं, आणि घासते ती. तिचा चहाचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडा असतो, कानाला टवका उडालेला, आमच्या कपांत न मिसळणारा. तो तिथे कोणी ठेवला हे मला आठवत नाही. म्हणजे मीच.

त्या माणसाला मी मूर्ख समजत होते. त्याने माझी कथा माझ्यापेक्षा नीट वाचली होती.

कमिटीची बैठक बोलवायला लावली. पंधरा-वीस लोक आले, कूलरसमोरच्या खुर्च्या आधी भरल्या. मी उभी राहून समजावलं की हे व्यंग्य होतं, इशारा होता, असं करू नका म्हणून लिहिलं होतं. लोक शांतपणे ऐकत होते. एक निवृत्त साहेब म्हणाले, व्यंग्य असेल, पर प्रैक्टिकल बहुत है. पाचव्या मजल्यावरची बाई म्हणाली की तिला कामवालीबद्दल मनात काही नाही, पण बाथरूम पर्सनल चीज़ असते. पंधरा मिनिटं ‘पर्सनल’ या शब्दावर गेली. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली होती. बैठकीसाठी सोसायटीनेच वाटल्या होत्या, थंडगार, बाहेरून घाम सुटलेल्या.

संडासाचं कुलूप काढा, मी म्हटलं. साफ कोण करेल, असा प्रश्न आला. ज्या रोज तुमचे साफ करतात त्याच करतील, आणि नसेल तर मी करते, असं म्हटल्यावर दोन जण हसले, त्यांना ती चेष्टा वाटली. शेवटी मध्यम मार्ग निघाला. अर्ध्या लिटरची बाटली आत नेता येईल, मात्र ती पारदर्शक हवी. कुलूप तसंच. ताऱ्यांचा नियम तसाच, पण ‘मानवीय आधार पर’ सहा महिन्यांनी फेरविचार. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी माझे पुन्हा आभार मानले. ते मनापासून मानत होते, हे सगळ्यात वाईट.

बाईची लाल चौकट मात्र गेली नाही. तेव्हा मी तिला अ‍ॅपमध्ये माझी पाहुणी म्हणून टाकलं. पाहुणीला तारे नसतात, पट्टा नसतो, बाटली विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या लिफ्टने वर आली, बाटली हातात उघडी धरून. चप्पल दाराबाहेर काढली आणि आत येऊन नेहमीसारखी सिंककडे गेली नाही. उभी राहिली.

“भाभीजी, गेट वाला बोल रहा था, ये सब आपने लिखा है?”

मी हो म्हटलं. मग घाईने, मज़ाक में लिखा था, लोगों को शर्म आए इसलिए.

तिने ते ऐकून घेतलं. शरमेचा भाग तिला फारसा महत्त्वाचा वाटला नसावा.

“आपने लिखा है, तो काट दो.”

मी सांगितलं की आता ते माझ्या हातात नाही. लिहिलेलं कापता येत नाही, हे तिला पटलं नाही. तिने मान हलवली आणि नळ सोडला. भांडी होईपर्यंत मी तिथेच घुटमळले आणि मग म्हटलं की आजपासून ते छोटं बाथरूम तुझंही, कधीही जा, विचारायचं नाही.

ती हसली. “अब तो पथरी भी हो गई, भाभीजी.”

त्या दिवशी ती गेली नाही बाथरूममध्ये. पुढे दोनदा गेली असेल. तोपर्यंत बाकीच्या चार घरांनी दुसरी बाई ठेवली होती, चार तारेवाली. माझ्या एका घरासाठी शास्त्री नगरहून दोन रिक्षा बदलून येणं तिला परवडणारं नव्हतं, आणि माझ्यावर उपकार करण्याचं तिला काही कारणही नव्हतं. महिना संपला तसं तिने सांगितलं, कल से नहीं आऊँगी. तिचा कप मी आमच्या कपांत ठेवला होता. तो तिने पाहिला की नाही, मला माहीत नाही.

स्मरणिकेच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी भविष्यातलं नका लिहू, तारीख घालून लिहा. सेक्रेटरींचाही फोन आला होता, या वर्षी पुन्हा एक चेष्टा होऊ द्या वहिनीजी, म्हणून. आता अर्थ कळूनही त्यांनी तोच शब्द वापरला. मी त्यांना नाही म्हटलं.

परवा सीकर रोडच्या नाक्यावर भाजी घेताना ती भेटली. मुरलीपुऱ्यातच एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला लागली आहे. अंगाला शेवेच्या तेलाचा वास. मी विचारलं कसं आहे काम.

“खड़े-खड़े पाँव सूज जाते हैं,” ती म्हणाली. “पर बाथरूम है.”

मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं. साबणाने बोटांची सालं निघाली आहेत. दुसरी बाई मी ठेवली नाही. तत्त्व वगैरे काही नाही त्यात. त्या अ‍ॅपमध्ये कोणाचा तरी फोटो टाकायचा, हे माझ्याच्याने होत नाही.

“झाड़ू-पोंछा खुद करती हो?”

“हो,” मी मराठीतच म्हटलं.

“कितने स्टार मिले?”

तिची रिक्षा आली. चढून बसल्यावर तिने पिशवीतून बाटली काढली, मान मागे टाकली आणि नाक्यावर सगळ्यांसमोर ती निम्मी रिकामी केली.